फियाट ११०० आणि पद्मिनीचं इंजिन पहिल्यांदाच बांधताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाबद्दल जे मेसेज येतात त्यातले नव्वद टक्के प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. गाडी एकच धरलीय, आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी, पेट्रोलचं १०८९ सीसी इंजिन. १३७डी डिझेलवाल्यांना यातलं फारसं कामाचं नाही. अँबेसेडरवाल्यांनी पद्धत घ्या, मापं घेऊ नका. टॉर्कचे (कुठला नट-बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, ते तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे, फोनवर ऐकून नाही.

१. मी आयुष्यात कधी इंजिन खोललेलं नाही, पद्मिनीवर हात साफ करणं शहाणपणाचं आहे का?

हो, यापेक्षा सोपं इंजिन शोधून सापडणार नाही. चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड-रॉकर, टायमिंगला चेन, तीन मेन बेअरिंग, बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५. सेन्सर नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही. शिवाय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन इतकी वर्षं रगडलंय की ते डोळे मिटून बांधणारे उस्ताद अजून आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला पासिंग झाली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी उतरली. म्हणजे ज्यांना काम येतं ती माणसं अजून साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडे आत्ताच जाऊन बसा.

२. गाडी धूर मारते, म्हणजे फुल इंजिन करावंच लागणार ना?

नाही हो. आधी धुराचा रंग बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय (यात इंजिनाचा काहीच दोष नाही), आणि पांढरा, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा, म्हणजे पाणी आत जातंय, बहुतेक हेड गॅस्केट.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी तगडी, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर सारखाच वेळ फिरवायचा. चार आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर गेलाय, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील तर त्या दोघांच्या मधे गॅस्केट फुटलंय असं समजा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि लोक ते न करता थेट चेन पुली लावून इंजिन बाहेर काढतात, ते मला कधीच कळलेलं नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टलाच निळा धूर येतो आणि मग थांबतो? मग व्हॉल्व्ह गाइड आणि सील बघा, हेडवरच काम भागेल.

३. मिस्त्री म्हणतो बोअर कशाला, नुसत्या नव्या रिंगा टाकू, स्वस्तात काम. टाकू का?

बोअर मोजल्याशिवाय नाही. ("बोअर करणं" म्हणजे सिलिंडरचं भोक थोडं मोठं कापून मोठ्या साइजचे पिस्टन टाकणं.) बोअर खाली कमी आणि वर जास्त झिजतो, जिथे वरची रिंग फिरून थांबते तिथे, आणि त्याच्यावर एक न झिजलेली कड राहते, नखाला लागते ती. नवीन चौकोनी रिंग त्या कडेवर जाऊन आपटली की तुटू शकते. आणि गोल राहिलेल्या रिंगा लंबगोल झालेल्या बोअरमध्ये बसणार तरी कशा? दोन-तीन महिने बरं चालतं, मग परत धूर. मोजून झीज खरंच कमी निघाली तर हलका होन मारून (बोअर आतून दगडाने बारीक घासून) रिंगा टाकायला माझी काही हरकत नाही. कसं मोजायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

४. घरच्या पार्किंगमध्ये करायचं तर हत्यारं कोणती घेऊ?

रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, फिलर गेज, रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच. टॉर्क रेंच उसना आणला तरी चालेल पण तो हवाच, "हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्याचा हात वीस वर्षं मुरलेला असतो, तुमचा नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज पहिल्यांदा विकत घेण्यात अर्थ नाही, बोअरिंगवाल्याकडे असतात. इंजिन उतरवायला चेन पुली किंवा इंजिन हॉइस्ट भाड्याने घ्या. आणि चेन पुली सोसायटीच्या छताच्या हुकाला किंवा पंख्याच्या कडीला लावू नका, हा प्रश्न पण येतो म्हणून सांगतोय.

५. खोलताना सगळ्यात जास्त कशाची काळजी घ्यायची?

जोड्या मोडू नका. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप एकत्रच मशिन केलेली असते, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, उलटी फिरवूनही चालत नाही. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच. नंबर दिसत नसतील तर पंचने ठिपके मारा, पुढून मागे १ ते ४. पुशरॉड पुठ्ठ्यात भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा, टॅपेटही (कॅम आणि पुशरॉडच्या मधले तुकडे) ज्याच्या त्याच्या जागी, कारण ते आपापल्या कॅमच्या उंचवट्यासोबत झिजलेले असतात आणि अदलाबदल केली की नवी झीज चालू. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले करायचे, आणि इंजिन पूर्ण गार असताना. गरम अॅल्युमिनियम हेड उतरवलं की ते वाकतं.

फोटो काढा, भरपूर. पण फोटोवर विसंबून बोल्ट एका डब्यात टाकू नका, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि वर चिठ्ठी.

६. हेड हलतच नाहीये / इंजिन जाम झालंय, क्रँक फिरत नाही. काय करू?

दोन वेगळे आजार आहेत पण विचारणारे एकत्रच विचारतात.

हेड चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर मधे घालून उचकटायचं नाही म्हणजे नाही, अॅल्युमिनियमवर चरा पडला की फेसिंगमध्ये (हेडचा खालचा पृष्ठभाग मशिनवर सपाट करण्यात) उगाच जास्त माल जातो. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा धरून कडेने ठोका. तरीही नाही, तर प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये भरायची, त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नट ढिले करून पण पूर्ण न काढता, आणि क्रँक हाताने हळू फिरवायचा. पिस्टन दोरीला दाबतो आणि दोरी हेडला.

जाम इंजिन बहुतेक वेळा उभ्या गाडीत पावसाळ्यातली दमट हवा शिरून रिंगा बोअरला गंजून बसल्यामुळे असतं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल, किंवा गंज सोडवणारं कुठलंही पातळ ऑइल टाका आणि काही दिवस विसरून जा. मग फ्लायव्हीलच्या दातांवर पट्टी धरून मागे-पुढे, अगदी थोडं थोडं. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायची आयडिया देणारे खूप भेटतील, त्यात रॉड वाकतो. सुटलं तरी लगेच स्टार्ट करायचं नाही, गंजलेला बोअर उघडून बघावाच लागतो.

७. बोअर मोजायचा म्हणजे नेमकं काय, आणि "वीस थाऊ" म्हणजे किती?

प्रत्येक सिलिंडरला वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवं. म्हणजे सिलिंडरमागे सहा आकडे, एकूण चोवीस, कागदावर लिहा. वरच्या-खालच्या आकड्यातला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. दिड दशांश मिमीच्या (०.१५) आसपास गेलं की मी तरी बोअरच करतो.

एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी, म्हणजे वीस थाऊ जवळजवळ अर्धा मिमी. गंमत अशी की इटालियन गाडी मिमीमध्ये जन्मली आणि आपल्या लेथवाल्यांनी ती इंचात वाढवली, त्यामुळे पिस्टनच्या बॉक्सवर मिमी लिहिलेलं आणि मिस्त्रीच्या तोंडात थाऊ असा घोळ कायम होतो. बिलावर दोन्ही लिहून घ्या.

८. आधी पिस्टन घेऊ की आधी बोअर करू?

मोजा, साइज ठरवा, पिस्टन आणा, मग बोअर. याच क्रमाने. बोअरिंगवाल्याला चारही पिस्टन हातात द्यायचे आणि "याच्यावर मार" म्हणायचं, तो प्रत्येक पिस्टन स्कर्टला, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) आडव्या दिशेने मोजून त्याप्रमाणे क्लिअरन्स ठेवेल. आधी बोअर करून ठेवला आणि बाजारात त्या साइजचे पिस्टनच नाहीत असं झालं की पुढची मोठी साइज शोधावी लागते, आणि या ब्लॉकमधला माल तुम्ही आयुष्यभर थोडाच परत भरून काढणार. (काढता येतो, पण ते प्रश्न १६.)

९. क्रँक ग्राइंड करायचा की नुसती नवी बेअरिंग टाकायची?

जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मोजा, गोल असेल आणि नख अडकेल असे चरे नसतील तर पॉलिश मारून त्याच साइजची नवी बेअरिंग. नाहीतर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग, दहा, वीस, तीस थाऊ असं. ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी सांगा: जर्नलच्या कोपऱ्यातला गोलवा तसाच राहिला पाहिजे, कोपरा काटकोनात कापला की क्रँक तिथूनच तुटतो, आणि ऑइलच्या भोकांच्या कडा मऊ करून द्यायच्या. घरी आणल्यावर तुम्ही स्वतः ती भोकं बारीक ब्रशने साफ करा, ग्राइंडिंगची पूड आत बसलेली असतेच.

१०. ब्लॉक धुवायला काय वापरू? सगळे रॉकेल म्हणतात.

हा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा बांधलेली इंजिनं बसतात ती चुकीच्या बेअरिंगमुळे कमी आणि घाणीमुळे जास्त.

पहिली धुलाई बोअरिंगच्या आधी: चिखल, ग्रीस, जुनं गॅस्केट. वॉटर जॅकेटच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या (वेल्श प्लग) काढा, आत बघा. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं नाहीतर बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाडीत, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, तांबड्या गाळाचा थर असतो, तो तारेने खरवडून काढा. गाडी गरम होण्याचं कारण पुष्कळदा रेडिएटर नसतो, हा गाळ असतो. ऑइल गॅलरीचे प्लगही काढा.

कॉस्टिकच्या गरम टाकीत फक्त बिडाचा ब्लॉक. अॅल्युमिनियम हेड त्यात टाकलंत तर कॉस्टिक ते खाऊन टाकेल, आणि काही ठिकाणी पोरं न विचारता दोन्ही एकत्र बुडवतात, म्हणून हेड सोबत नेऊच नका.

दुसरी धुलाई होनिंगनंतर, आणि ही रॉकेलने नाही. रॉकेल ग्रीस सोडवतं पण होनचे कण तिथेच बोअरच्या बारीक रेघांमध्ये राहतात. गरम पाणी, भांड्याचं लिक्विड आणि ब्रश, भरपूर घासायचं, मग पांढरं कापड ऑइलमध्ये भिजवून बोअर पुसायचा. कापड करडं झालं? परत धुवा. पांढरंच येईपर्यंत. झाल्याबरोबर वाळवून ऑइल लावा, कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत तासाभरात तांबडी झाक येते.

११. हेडला काय काय करायचं? आणि अनलेडेड पेट्रोलमुळे सीट जातात हे खरं का?

सरळपट्टी आणि फिलर गेजने सपाटी बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग, पण कमीत कमी. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या असतील तर वेल्डिंग करून मग फेसिंग. गाइड, स्प्रिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, हे कोणीही करून देईल.

सीटचं खरं आहे. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट सीटला कुशनसारखं वाचवायचं, देशभर १ फेब्रुवारी २००० पासून ते गेलं. हेड अॅल्युमिनियमचं असल्याने सीट वेगळ्या बसवलेल्याच असतात, त्यामुळे हेड उघडंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट टाकून घ्या. टॅपेट गॅप सारखा सारखा कमी होत असेल तर सीट आत बसतेय असं समजा. रविवारी फक्त दूध आणायला गाडी काढणाऱ्याने मात्र यावर झोप उडवून घेऊ नये.

१२. स्पेअर मिळतात का? कुठे? साधारण खर्च सांगा.

मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउसचा बाजार आणि कुर्ल्याचं भंगार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीला कोणी जाणार असेल तर काश्मिरी गेट. मशिनिंगसाठी मला कोल्हापूरचं उद्यमनगर आवडतं, ऑइल इंजिनांवर घडलेली माणसं आहेत, बिडाची नस ओळखतात. जुना न वापरलेला माल मिळाला तर घ्या, पण रबर आणि गॅस्केट नवीनच, तीस वर्षं कपाटात पडलेलं सील वरून नवं दिसतं इतकंच.

खर्चाचा एक आकडा देत नाही, गावोगाव फरक आहे. "फुल इंजिनचे किती" असं विचारू नका, बोअर, क्रँक, हेड, बॅलन्सिंग असे वेगवेगळे दर लिहून मागा. आणि बजेटच्या वर तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, क्लच प्लेट, पाण्याचा पंप, माउंटिंग रबर हे इंजिन खाली असतानाच बदलायचा मोह होतोच आणि तो योग्यही आहे.

१३. बांधताना क्रम काय?

आधी क्रँक. प्रत्येक मेन कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा, ज्या कॅपला जड झाला तिथेच थांबायचं, सगळ्या आवळून मग शोधत बसायचं नाही. मग पिस्टन. रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट मोजा. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ असा ढोबळ हिशेब, म्हणजे ६८ मिमीला साधारण आठ ते अकरा थाऊ. कमी असेल तर कानशीने घासा, नाहीतर गरम झाल्यावर तोंडं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, खूण असलेली बाजू वर, पिस्टनवरचा बाण मॅन्युअलमध्ये आहे तसा.

मग कॅम, टायमिंग चेन खुणेला खूण, हेड मधून बाहेर तीन-चार टप्प्यांत. गॅस्केटला पेस्टचा चिखल करू नका, ऑइलच्या भोकात जातो.

१४. सगळं बांधलं, स्टार्ट होत नाही, कार्बोरेटरमधून फटाके. काय चुकलं?

डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा बसलाय, दहात नऊ वेळा हेच. पहिला पिस्टन वर दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पहिला वर असताना चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित हलत असतील तर पहिला कॉम्प्रेशनवर आहे, रोटर तेव्हा पहिल्या वायरकडे हवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. वायरी बरोबर असूनही तेच, तर चेनचा एखादा दात चुकलाय.

१५. पहिला स्टार्ट आणि रनिंग-इन कसं करायचं? ऑइल कुठलं?

प्लग काढून स्टार्टर मारत राहा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, सलग नाही, थांबून थांबून. मग प्लग लावून स्टार्ट, आणि आयडलवर सोडायचं नाही. दीड ते दोन हजार आरपीएम, थोडं वर-खाली करत वीस मिनिटं, कारण कॅम आणि टॅपेटला ऑइल उडून मिळतं आणि आयडलला ते कमी उडतं. गार झाल्यावर हेड परत टॉर्क करा, टॅपेट गॅप परत घ्या.

साधं मिनरल २० डब्ल्यू ५०, झिंक असलेलं. महागडं सिंथेटिक सुरुवातीला नको, रिंगा बसतच नाहीत. पहिलं ऑइल ५०० किमीच्या आत बदला. हजार किमीपर्यंत टॉप गिअरला ताशी साठच्या वर नको, पण गाडी अगदी जपून जपून पण चालवू नका, थोडा लोड मिळाला की रिंगा बोअरला लागतात. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरला हलका निळा धूर चालतो. दीड-दोन हजारानंतरही असेल तर बोअरला काच धरलीय (काचेसारखा गुळगुळीत झालाय) किंवा गाइड राहिलेत, प्रश्न २ ची टेस्ट परत.

आणि कोणी थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा. "आपल्याकडे गरम हवा आहे, लागत नाही" हे चूक आहे, गार चालणारं इंजिन बोअर लवकर खातं.

१६. ब्लॉक आधीच शेवटच्या साइजला गेलाय. भंगारात टाकू?

अजिबात नको. स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) ठोकून परत स्टँडर्ड ६८ ला आणता येतो, चारही सिलिंडरला एकदमच करा. स्लीव्हनंतर ब्लॉकचा वरचा फेस परत मारून घ्यावा लागतो, हे सांगितलं नाही तर काही जण मारत नाहीत आणि मग गॅस्केट टिकत नाही.

१७. टॅक्सीचं सीएनजीवर चाललेलं इंजिन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

ब्लॉक आणि क्रँक म्हणून घ्या, हेड म्हणून नको. गॅस कोरडा जळतो आणि सीटची वाट लागते. ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून फसू नका, गॅसवर ऑइल काळं कमी होतंच. नंबर खोडलेला किंवा परत ठोकलेला ब्लॉक फुकट दिला तरी घेऊ नका.

१८. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने नवीन बांधलेलं इंजिन खराब होईल का?

इंजिनापेक्षा त्याच्या आधीची पेट्रोलची साखळी जपायला हवी. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंग, हे सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं घ्या. मिश्रण थोडं पातळ होतं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एखादा नंबर मोठा लागू शकतो, प्लगचा रंग बघून ठरवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

१९. बोअर केल्यावर सीसी वाढते, मग आरसीचं काय? ब्लॉकच बदलला तर?

हिशेब करून बघा, एक मिमी वाढवून ६९ केला तरी १०८९ चे साधारण ११२२ होतात. ही दुरुस्ती आहे, इंजिन नंबर तोच राहतो, आरसीला हात लावायची गरज नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, तेव्हा आरटीओत आरसीवर नोंद लागतेच, त्यासाठी दुसऱ्या इंजिनाची कागदपत्रं आणि बिल हवं. नाहीतर पुढच्या पासिंगला अडकता. जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देणारे भेटतील, तो सरळ गुन्हा आहे.

२०. माझी पद्मिनी ५० वर्षांची झाली, इंजिन झाल्यावर व्हिंटेज नंबर घेऊ का?

२०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात मोठे बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेजमध्ये बसते. नंबर प्लेटवर राज्यानंतर व्हीए येतं आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पहिल्या वर्षांतल्या, म्हणजे १९७४ च्या पद्मिनी आता यात येतात. पण व्हीए नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच. प्रश्न १५ मधले हजार किलोमीटर तेवढ्यात कसे भरणार? म्हणून आत्ताची नोंदणी चालू असेल तर रनिंग-इन आणि पहिले दोन ऑइल चेंज त्याच नंबरवर उरकून घ्या, अर्ज नंतर.